दुसऱ्या पाळीतलं हसू

टॅलो पॉइंट,
६ ऑगस्ट

प्रिय डॅरल,

एवढ्या उशिरा लिहितोय, त्याबद्दल आधी माफ कर. नोलीन गेली तेव्हा तू पाठवलेली फुलं मिळाली होती, कार्डही मिळालं होतं, आणि मी उत्तर दिलं नाही. तीन वर्षं झाली त्याला. लोकांना मी सांगतो की माझा हात आता चालत नाही. हात चालतो. मला अडली ती तुझ्या कार्डावरची ओळ. 'तिच्यासारखं हसणं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.' एवढंच, आणि खाली तुझं नाव. ही ओळ मी शंभरदा तरी वाचली असेन. पुन्हा म्हणजे काय? पहिल्यांदा कधी ऐकलंस, किती वेळा ऐकलंस, आणि जिचं दोन आठवड्यांनंतरही घरात कोणी नाव घेतलं तर मला बाहेर जावं लागत होतं, तिच्या नवऱ्याला हे कळवायची तुला काय घाई होती? ते कार्ड मी चहाच्या डब्यामागे उभं करून ठेवलं. रोज सकाळी डबा काढला की ते माझ्याकडे बघतं.

हे पत्र मी स्वतः लिहितोय, हेही सांगून ठेवतो. माल्टात अकराव्या वर्षी माझी शाळा सुटली, इथे ऑस्ट्रेलियात आलो ते थेट पोलादाच्या कारखान्यात, त्यामुळे लिहायचं काम सगळं नोलीनचं. दर नाताळात तुला जाणारं कार्डही तीच लिहायची. मी खाली नाव टाकायचो, वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. आता वाटतं, वाचायला हवं होतं. सत्तेचाळीस कार्डं म्हणजे थोडी नव्हेत. तुझ्याकडे ती अजून असतील तर कृपा करून मला परत पाठवू नकोस. पण फेकूही नकोस. माझं मलाच कळत नाही मला काय हवंय ते.

आता बातमी. तुझी पहिली रेकॉर्ड, 'दुसरी पाळी', पुन्हा निघतेय, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. पन्नास वर्षं झाली म्हणून कंपनी ती नव्याने काढतेय, जाड तबकडी, सोबत फोटोंची पुस्तिका. तिथल्या एका बाईंचं पत्र आलं. पत्ता त्यांना कोणी दिला, हा माझा पहिला प्रश्न. पत्रात 'तुमच्या दिवंगत पत्नी' असं लिहिलंय, म्हणजे ती गेली हेही कोणीतरी सांगितलंय. तू सांगितलंस का? सांगितलं असशील तर हरकत नाही, पण मला विचारून सांगायला हवं होतं. बाई लिहितात की त्या रेकॉर्डवर ज्यांचा ज्यांचा आवाज आहे त्या सगळ्यांची नावं यावेळी छापायची आहेत, आणि दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याआधी हसणारी जी बाई साऱ्या देशाला ठाऊक आहे, तिचं नाव मात्र आजवर कुठेच नाही. सोबत एक फॉर्म. नाव. नातं. योगदानाचं स्वरूप. सही. ऑगस्टअखेरच्या आत.

आमच्या नातीने, टेगनने, तो मला मोठ्याने वाचून दाखवला, कारण बारीक अक्षर आता दिसत नाही. 'योगदानाचं स्वरूप' या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "नन्नू, इथे काय लिहायचं? 'हसली', एवढंच?" तिला गंमत वाटत होती. मी म्हटलं, ठेव ते तिथेच. ती म्हणाली, "अहो, सही करा ना, आजीचं नाव छापून येईल, तुम्हाला अभिमान नाही वाटत?" मी म्हटलं, कशाचा अभिमान ते आधी कळू दे. तिला यातलं काही माहीत नाही. तिच्या आईलाही नाही. म्हणून ती सही गेले अठरा दिवस अडून आहे, डॅरल. माझ्या बायकोचं नाव तुझ्या नावाखाली कायमचं छापायचं, तर ती कशाला हसली हे मला माहीत असायला हवं. नाहीतर मी कशावर सही करतोय?

तुला तो दिवस आठवत असेलच. मला आठवत नाही, कारण मी नव्हतो. पंचाहत्तरचा फेब्रुवारी, रविवार. सिडनीच्या स्टुडिओत तुम्हाला कोणी उभं करत नव्हतं, म्हणून आपल्या कबुतर-शर्यत मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तुम्ही ती रेकॉर्ड करायचं ठरवलं. हॉल माझ्यामुळे मिळाला. मंडळाचा चिटणीस मी, किल्ली माझ्या पट्ट्याला. मीच येऊन दार उघडणार होतो, आणि खरं सांगायचं तर मी नवा शर्टही इस्त्री करून ठेवला होता. सकाळी फोरमनचा निरोप आला की माणूस कमी आहे, दोन पाळ्या लागोपाठ कराव्या लागतील. मी नोलीनला किल्ली दिली. म्हटलं, दार उघडून दे, पिंजऱ्यांना कोणाला हात लावू देऊ नकोस आणि घरी ये. दार उघडायला किती वेळ लागतो? ती दहाला गेली आणि पाचला आली. ही वेळ मला तिने सांगितली नाही, शेजारणीने सांगितली, आणि वर म्हणाली, "आज नोलीन गुणगुणत आली हो." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, "चहा केला सगळ्यांना. तुमच्या मंडळाची किटली मेली इतकी जुनी, वेळ लागला." सात तास चहा? मी पुढे विचारलं नाही. तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी ठेंगणा, बोलण्यात अडखळणारा, अंगाला कबुतरांचा वास येणारा. ती या गावातली, उंच, आणि तिच्या घरच्यांनी आधीच म्हणून ठेवलेलं की बोटीतून उतरलेल्याशी लग्न करतेस, बघ. आणि तू तू होतास. गाणं प्रसिद्ध व्हायच्या आधीही कँटीनमध्ये तू शिरलास की बायका वाढायचं थांबायच्या.

रेकॉर्ड सप्टेंबरात आली. मी पहिल्यांदा ऐकली ती पबमध्ये, पुढच्या बारमध्ये, सगळ्यांसोबत. पहिली बाजू संपली, आपल्या पाळीतल्या मर्व्हने तबकडी उलटवली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ते हसू. मग गिटार, आणि तुझा पहिला शब्द अर्धा ठोका उशिरा, कारण तुलाही हसू आवरत नव्हतं, ते आवाजात ऐकू येतं. सगळा बार माझ्याकडे वळला. मर्व्ह म्हणाला, "पारव्या, अरे ही तर तुझी नोलीन! तुझ्या घरी आलो तेव्हा कधी अशी हसली नाही बुवा." मी म्हटलं, माझ्या घरी तुला बघून कोण हसेल? तो म्हणाला, "तेच तर. हसायला तिला डॅरलकडे जावं लागतं." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून नोलीन जाईपर्यंत मी ते गाणं पुन्हा धड ऐकलं नाही.

पुढे ती रीतच पडली, तुला कोणीतरी सांगितलं असेल. दुसऱ्या बाजूचं ते पहिलं गाणं, 'बंद फाटक', लागलं की सगळ्यांनी हातातला ग्लास खाली ठेवायचा, नोलीनबरोबर एकदम हसायचं, मग अर्धा ठोका गप्प राहायचं आणि मग तुझ्याबरोबर सुरू करायचं. लग्नात हेच, सर्फ क्लबच्या वार्षिक जेवणात हेच, पर्थकडच्या खाणीत गेलेली आपली पोरं तिथल्या छावणीतही हेच करतात म्हणे. मी मात्र पहिली बाजू संपत आली की उठून मुतारीकडे जायचो. इतकी वर्षं गेलो की मर्व्ह ओरडायचा, "पारव्याची टाकी भरली रे, चला, ग्लास खाली ठेवा!" नोलीन सोबत असली तर जागेवर बसून राहायची, ग्लास हातात तसाच धरून. ती स्वतः त्या हसण्यात कधी सामील झाली नाही. का झाली नाही? हेही मी मनात लिहून ठेवलं होतं.

लोकांना ती रेकॉर्ड अजून का हवी असते, यावर मी बराच विचार केलाय. माझ्यासारख्या माणसाच्या विचाराला किंमत नाही, पण ऐक. तुझ्या नंतरच्या सातही रेकॉर्ड माझ्याकडे आहेत, नोलीनने आणलेल्या. त्या सुबक आहेत, आणि त्या कोणी लावत नाही. राग मानू नकोस. 'दुसरी पाळी'मध्ये तुला सर्दी आहे, पत्रा तडतडतोय, एका गाण्यात कारखान्याचा भोंगा आलाय आणि दुसऱ्यात, शपथेवर सांगतो, माझ्या कबुतरांतली निळी मादी घुमतेय. तरी भट्टी कायमची बंद झाली त्या दुपारी फाटकाबाहेर कोणीतरी गाडीची दारं उघडी टाकून हीच लावली. तीनशे माणसं उभी होती, डोक्यावर टोप्या, कोणाला एकमेकांकडे बघवत नव्हतं, आणि तुझा आवाज आला तशी माणसं हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकली. टेगनच्या मैत्रिणी पंचविशीच्या, त्यांनी कारखाना चालू असलेला बघितला नाही, पाळी म्हणजे काय त्यांना ठाऊक नाही. पण आमच्या ओसरीवर बसून हीच ऐकतात. मी एकीला विचारलं, बाई, तुम्हाला यात काय सापडतं? ती म्हणाली, "आजोबा, हा माणूस आपल्याला गाणं म्हणून दाखवत नाहीये. कामावरून आलाय आणि कोणालातरी काहीतरी सांगतोय." पोरगी हुशार आहे. मला पन्नास वर्षं जे डाचत होतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. त्या दिवशी तू कोणालातरी सांगत होतास. समोर कोणीतरी बसलं होतं. आणि समोर कोण बसलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण हॉलची किल्ली मीच तिच्या हातात दिली होती. आता कळलं मी मुतारीकडे का जायचो?

एकदाच विचारलं मी तिला. एक्क्याऐंशी साली, कबुतरं सोडायला आम्ही दोघं ट्रकने गुलबर्नकडे चाललो होतो, रेडिओवर तेच लागलं आणि पळून जायला मुतारी नव्हती. मी रेडिओ बंद केला आणि विचारलं, त्या दिवशी एवढं हसण्यासारखं काय झालं होतं? तिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "नाही सांगणार." मी म्हटलं, का? म्हणाली, "सांगितलं तर तू ते करणं बंद करशील, आणि मला ते नकोय." मी विचारलं, काय करणं बंद करीन? तर हसायला लागली, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "रस्त्याकडे बघ, पारव्या." बस. 'ते करणं' म्हणजे काय, हे मी चव्वेचाळीस वर्षं चघळतोय. मला वाटलं, तुझ्याशी मैत्री ठेवणं. मला वाटलं, तू गावात आलास की तुला जेवायला बोलावणं. म्हणजे मी काहीतरी जाणलं तर तुझं आमच्याकडे येणं बंद होईल, आणि तिला ते नको होतं. दुसरा अर्थ मला लागेना. म्हणून मीच तुला बोलवेनासा झालो. तुला वाटलं असेल तू मोठा झालास म्हणून मी लांब गेलो. तसं नव्हतं रे.

तिच्या मातीच्या दिवशीचं सांगतो, तू कंबरेच्या ऑपरेशनमुळे आला नव्हतास. चर्चमध्ये तुझं गाणं लावायचं नाही, असं मी मुलीला बजावलं होतं. नंतर बोलिंग क्लबात चहापाणी होतं. माझ्या बहिणीने पास्तीत्सी, आमच्या माल्टाकडच्या चीज भरलेल्या करंज्या, तळहाताएवढ्या करून आणल्या होत्या, लोक खात होते, आणि मर्व्हने मला न विचारता तबकडी लावली. दुसरी बाजू. मी उठलो नाही. सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. आणि डॅरल, त्या दिवशी कोणी हसलं नाही. पन्नास-साठ माणसं होती. तिला एकटीला हसू दिलं त्यांनी. बायका डोळे पुसत होत्या. मी मान वर करून वाट बघत राहिलो, आणि मग सगळे गायला लागले, तेव्हा मला कळलं की हसू होऊन गेलं. मला ते ऐकूच आलं नव्हतं. तीस वर्षं साखळ्यांच्या खणखणाटात उभं राहिलेल्याचे वरचे सूर आधी जातात, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तुझा आवाज मला अजून येतो, ढोल येतो, भोंगासुद्धा येतो. आता मी घरी स्पीकरवर तळहात ठेवून सगळी रेकॉर्ड ऐकतो, हाताला सगळं कळतं. तेवढी एक जागा सोडून. जिच्यापासून जन्मभर पळालो ती जागा आता माझ्यासाठी कोरी आहे. कानातलं यंत्र लावून बघितलं, त्यातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी येतं. ती नोलीन नव्हे.

आता त्या फोटोचं सांगतो, ज्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. कंपनीच्या बाईंनी फॉर्मसोबत एक फोटो पाठवलाय. तुमचा तो ध्वनिमुद्रण करणारा उंच माणूस वारला, त्याच्या सामानात सापडला म्हणे. पाठीमागे विचारलंय, 'हसणाऱ्या बाई याच का?' याच. आपला हॉल, मागे चहाचा पिंप, बाजूला पिंजऱ्यांची चळत. ढोलवाला गुडघ्यात डोकं घालून बसलाय. तू माइकसमोर, आणि तू तिच्याकडे बघतोयस. मी तीन दिवस फक्त तुझा चेहरा बघितला. कबुतरांच्या पायातल्या कड्यांवरचे आकडे वाचायची माझी काच आहे, ती लावून बघितला. असं तोंड माणूस कोणाकडे बघून करतो, ते मला समजत होतं, असं मला वाटत होतं. फॉर्म मी दोनदा चुलीपाशी नेला.

चौथ्या दिवशी टेगन आली. चहा ओतता ओतता तिने फोटो उचलला आणि विचारलं, "नन्नू, आजीचं पण बोट तुटलेलं होतं का, तुमच्यासारखं?" मी म्हटलं, काहीतरीच काय, तिची दहाही बोटं शाबूत होती. ती म्हणाली, "मग हे बघा." मी काच लावली. यावेळी तुझ्यावर नाही, तिच्यावर. नोलीन मधोमध उभी आहे, पाय फाकवून, डावा हात कंबरेवर, हनुवटी वर, नजर छताकडे. उजवा हात खांद्याच्या वर, अंगठा आणि बोटं चोचीसारखी अर्धवट मिटलेली. आणि त्यातलं करंगळीशेजारचं बोट तिने मुद्दाम आत दुमडून घेतलंय.

हा हात इतर कोणाला सांगून कळणार नाही, पण तुला सांगायला नको. चार वर्षं तू वर क्रेनच्या खोलीत आणि मी खाली जमिनीवर. त्या आवाजात हाका मारून उपयोग नाही, म्हणून मी हाताने खुणा करायचो आणि तू तो हात वाचून वीस टन पोलाद खाली ठेवायचास. चोच उघडायची, मिटायची: हळू, अजून हळू. बहात्तरमध्ये साखळीत माझं हेच बोट गेलं तेव्हा चूक माझीच होती, तू वर बसून रडलास आणि मी खाली बसून. त्यानंतर पाळीतले सगळे म्हणायचे की पारव्याची खूण दीड मैलावरून ओळखू येते, एक बोट कमी. आणि नोलीन म्हणायची की मी घरीही तेच करतो. ती चहा ओततेय तर मी बोलायचो नाही, हात वर करून चोच हलवायचो. ग्रेव्ही वाढतेय, तेच. गाडी मागे घेतेय, मी रस्त्यात उभा, कंबरेवर हात, हनुवटी वर. म्हणायची, "मी काय क्रेन आहे?" मला कधी कळायचंच नाही मी ते करतोय. टेगनला विचारलं, मी अजून करतो का? ती म्हणाली, "आत्ता मी चहा ओतत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

म्हणजे 'ते करणं' हे होतं का, डॅरल? सांगितलं असतं तर मला लाज वाटली असती आणि मी हात खिशात घातले असते, जन्मभर. हे तिला माहीत होतं. नवरा कसा आहे ते तिला चांगलंच माहीत होतं.

पण माझा स्वभावही तुला माहीत आहे. मला एका रात्रीचं सुख पुरलं, सकाळी पुन्हा किडा वळवळला. मनात आलं, आमच्या घरातली खूण तिने तुला का दाखवावी? तुम्ही दोघं ती आपापसात वापरत होता की काय, माझ्या पाठीमागे, मला हसायला? मग असंही आलं की हसायला असेल तर उत्तमच. तुला हसू येईल, पण सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस दिवसभर काच लावून बसलाय आणि देवाकडे मागतोय की त्याची बायको त्याच्यावरच हसलेली असू दे. दुसऱ्या कशावर नको. तू सांगितलेल्या विनोदावर नको, तुझ्या डोळ्यांकडे बघून नको. माझ्यावर. गावोगावची माणसं पन्नास वर्षं ग्लास खाली ठेवून ज्यावर हसली ते माझं सोंग असू दे, आणि मर्व्हला मी ते स्वतः जाऊन सांगेन. त्या रेकॉर्डवर मी नाही, हे मला आत कुठेतरी फार लागलं होतं. शर्ट इस्त्री करून ठेवला होता रे मी. आणि कदाचित मी त्यात पहिल्यापासून आहे, तुझ्या त्या अर्ध्या ठोक्यात.

तेव्हा आता मागणं एवढंच. फोन करू नकोस, फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि मी भलतंच ऐकेन. लांबलचक पत्रही लिहू नकोस, मी प्रत्येक ओळीत काहीतरी शोधत बसेन, तुझ्या कार्डाचं काय केलं ते बघितलंस ना. टेगनचा नंबर सोबतच्या चिठ्ठीत देतोय. कोणालातरी फोन समोर धरायला सांग आणि तिच्या फोनवर तुझी एक छोटी चित्रफीत पाठव. बोलायचं नाही. नोलीनने त्या दिवशी काय केलं ते मला हाताने करून दाखव, जसंच्या तसं. चार वर्षं मी खालून खुणा केल्या आणि तू वाचल्यास, या वेळी तू कर, मी वाचतो. ती मी असेन तर मला ओळखू येईल. बोट दुमडायला विसरू नकोस. आणि दुसरं काही असेल तर हाताचा पंजा सरळ वर कर, सगळं थांबव अशी खूण, मी फॉर्म चुलीत घालीन आणि तुला दोष देणार नाही. पण पहिलं असेल तर मी त्याच दिवशी सही करतो. त्या रकान्यात काय लिहायचं ते मी कच्चं लिहून ठेवलंय. 'नोलीन बुहाजार. नवऱ्याची नक्कल केली, आणि हसली.' महिना संपायला पंचवीस दिवस आहेत, आणि टेगनचा फोन मी आत्तापासूनच दर तासाला बघायला मागतोय, ती वैतागलीय. लवकर कळव, डॅरल. मी खाली उभा आहे, मान वर करून.

तुझाच,
पारव्या
(विन्स बुहाजार)